पंढरपुरातील एक गल्ला

पंढरपुरास जाऊन आलेल्या माणसाने काय लिहावे, हे आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलेले आहे. वाळवंट, चंद्रभागा, टाळमृदंगांचा गजर, महाद्वारातील दाटी आणि शेवटी समचरणांवर मस्तक ठेवताच आलेले आनंदाश्रू, एवढे लिहिले की लेख पुरा होतो. मीही हे सारे पाहिले आणि मस्तकही ठेवले. परंतु २०२४ सालच्या आषाढीतील माझा बहुतेक वेळ ज्या जागी गेला, ती जागा देवळात नव्हती. प्रदक्षिणामार्गावरील एका लहानशा दुकानात दीड हात लांब व हातभर रुंद अशी एक सागवानी पेटी आहे; तिच्यामागची ती बैठक होती. त्या पेटीला गल्ला म्हणतात. गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे परत कसे द्यावे, ही विद्या साठी उलटल्यावर मी तेथे शिकलो, आणि तीही एका चुकीची किंमत देऊन. ती किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच कोणी दिली, म्हणून हा लेख लिहावयाचा.

हे दुकान माझ्या मावसभावाचे. आम्ही सर्व त्यांना दादा म्हणतो. ज्येष्ठात दादांच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी धूळ व गर्दी यांपासून महिनाभर दूर राहण्यास बजावले. आता आषाढातल्या पंढरपुरात धूळ व गर्दी यांपासून दूर राहावयाचे, म्हणजे समुद्रात राहून पाण्यापासून दूर राहण्यासारखेच! दादांना माडीवर बसवून वहिनींनी दुकान एकटीने चालविण्याचे ठरविले; पण माल काढून देणे आणि पैसे घेणे ही दोन्ही कामे दोनच हातांनी होईनात. तेव्हा त्यांचा मला पुण्यास फोन आला. “भाऊजी, तुम्ही आयुष्यभर लोकांचे पैसे मोजलेत. चार दिवस आमचे मोजा.”

मी बँकेत ३४ वर्षे नोकरी केली आणि त्यातील पहिली नऊ रोखपालाच्या पिंजऱ्यात काढली. नोटांचे पुडके बोटाखालून गेले की त्यात एक कमी आहे की अधिक, हे मला आवाजावरून कळे, अशी माझी ख्याती होती. निदान मी ती तशी सांगत असे. तेव्हा हे निमंत्रण मी मोठ्या ऐटीत स्वीकारले, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर कुर्डुवाडीस उतरावे आणि तेथून पंढरपूरची गाडी धरावी, ही जुनी वाट. या फाट्यावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी चालत असे. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीस जाऊ लागली आणि १९०६ साली पंढरपुरास पोहोचली. माझ्या आईला ती गाडी चांगली आठवत असे. चढ लागला की पोरे उतरून तिच्याबरोबर चालत, असे ती सांगे. या शतकाच्या आरंभी तेथे रुंद रूळ आले. गाडी मोठी झाली. पण आतली माणसे तीच राहिली.

त्या गाडीत माझ्यासमोर एक वृद्ध बाई बसली होती. तिने कनवटीची चंची सोडून मांडीवर पैशांचे ढीग मांडले. एक ढीग परतीच्या भाड्याचा, एक प्रसादाचा, एक देवापुढे ठेवण्याचा, आणि शेजारणीने दिलेल्या वीस रुपयांची निराळी पुरचुंडी. तिने सर्व दोनदा मोजले, पुन्हा निरनिराळ्या गाठींत बांधले, आणि मगच खिडकीबाहेर पाहिले. वारकऱ्याजवळचा रुपया घरून निघतानाच कशाचा तरी होऊन निघालेला असतो. नुसता रुपया असा त्यात एकही नसतो. हे मी त्या वेळी पाहिले खरे. पण पाहणे आणि ध्यानात ठेवणे या दोन गोष्टी आहेत.

दुकान म्हणजे जुन्या वाड्याची रस्त्याकडची ओसरी. समोर बुक्क्याचे, कुंकवाचे व अष्टगंधाचे ढीग, बाजूस चुरमुऱ्यांची पोती, बत्तासे, पेढे आणि राजगिऱ्याचे लाडू. वर आडव्या बांबूला तुळशीच्या माळांचे झुबके आणि त्यांच्या मागे टाळांच्या जोड्या. कोणी हात लांबवून माळ ओढली की टाळ आपले आपण किणकिणत. मधोमध गल्ला. त्यात नाण्यांसाठी लाकडातच कोरलेल्या पाच वाट्या, आणि वर फळीवर एक पितळी वजन ठेवलेले. तोलण्यासाठी आता विजेचा काटा आहे. मग हे वजन कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “कळेल.”

पहिल्या सकाळी एका वारकऱ्याचे पासष्ट रुपये झाले. त्याने दोनशेची नोट दिली. मी नोट पेटीत टाकली, मनात वजाबाकी केली आणि एकशे पस्तीस रुपये काढून फळीवर ठेवले. दोन क्षणांचेही काम नव्हते. तो माणूस पैशांकडे पाहत राहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि पैसे उचलून निघून गेला. मी वहिनींकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, जरा सरका.”

पुढच्या गिऱ्हाइकाचेही योगायोगाने पासष्टच झाले आणि त्यानेही दोनशेच दिले. वहिनींनी ती नोट पेटीत न टाकता पितळी वजनाखाली ठेवली. मग त्या मोठ्याने म्हणू लागल्या आणि एकेक नाणे व नोट त्याच्या तळहातावर ठेवू लागल्या. “तुमचे झाले पासष्ट, माउली. हे पाच, सत्तर. हे दहा, ऐंशी. हे वीस, शंभर. आणि हे शंभर, दोनशे. आले का सगळे?” त्या माणसाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. “आले, माउली,” असे तो म्हणाला, तेव्हा कोठे वजनाखालची नोट पेटीत गेली.

त्या दुकानाची रीत अशी आहे. वजाबाकी करावयाचीच नाही. मालाच्या किमतीपासून आरंभ करावयाचा आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेपर्यंत बेरजेच्या पायऱ्यांनी चढत जावयाचे. आधी नाणी, मग लहान नोटा, मग मोठ्या. शेवटची पायरी गिऱ्हाइकाच्या नोटेइतकी आली की हिशेब आपोआप पुरा. ती नोट तोवर दोघांच्या डोळ्यांसमोर असावयाची, म्हणजे मी शंभर दिले की पाचशे, हा वाद उद्भवतच नाही. आणि पैसे ठेवावयाचे ते फळीवर नव्हे, हातावर. जो मोजून देतो आणि जो मोजून घेतो, त्या दोघांचे मोजणे एकाच वेळी व एकाच तोंडाने होते.

मला हसू आले. मी म्हणालो, “वहिनी, ही तर बालवाडीतली रीत झाली.”

“गर्दी असली म्हणजे सगळेच बालवाडीत असतात, भाऊजी,” असे म्हणून त्या चुरमुरे मापावयास गेल्या.

ही रीत दादांच्या वडिलांनी घातली, असे रात्री दादांनी माडीवर सांगितले. १९५७ सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तोवर लोकांच्या जिभेवर चवली, पावली, अधेली ही नावे होती आणि पावकी, निमकी, पाउणकी ही घराघरांतून पाठ होत असत. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे; पण सव्वासहाचे नाणे कोठून आणावे? म्हणून सरकारी कोष्टक निघाले: एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. आता पाहा, आण्याचा बुक्का चार वेळा निरनिराळा घेतला तर चोवीस पैसे पडत, आणि एकदम घेतला तर पंचवीस. हा मधला एक पैसा दुकानदाराने खाल्ला, असे गिऱ्हाइकास वाटले तर त्याचा काय दोष? काकांनी कोष्टक भिंतीवर लावले. पण ते वाचणार कोण? तेव्हा त्यांनी तोंडाने मोजून हातावर ठेवण्यास आरंभ केला, आधी आण्यांत आणि मग नव्या पैशांत. पुढे १९६४ साली ‘नवे’ हा शब्दही गेला आणि पैसा नुसता पैसा झाला. पण दुकानातील मोजण्याचा आवाज बंद झाला नाही.

सुट्या पैशांचा प्रवाह पंढरपुरात कसा वाहतो, हेही गल्ल्यावर बसल्यावाचून कळत नाही. यात्रेकरू सकाळी बंदी नोट घेऊन येतो आणि वस्तूपेक्षा मोड मिळविण्याच्या हेतूनेच काहीतरी घेतो, कारण त्याला पुंडलिकापुढे रुपया ठेवावयाचा असतो, नामदेवाच्या पायरीशी ठेवावयाचा असतो, चोखोबांच्या समाधीशी ठेवावयाचा असतो आणि घाटावर बसलेल्यांच्या वाडग्यातही टाकावयाचा असतो. दुकानातून गेलेली नाणी अशी दिवसभर गावात हिंडतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास घाटावरची काही माणसे मळक्या कापडात तीच बांधून दुकानी येतात व नोटा मागतात. वहिनी तीही तोंडाने मोजून घेत आणि त्यांच्याही हातावर मोजून नोटा ठेवीत. अशी नाण्यांची रोजची नगरप्रदक्षिणा चाले.

दादांच्या मुलीची मुलगी, वय वर्षे दहा, संध्याकाळी ही नाणी लावावयास माझ्याजवळ बसे. तिला मी टाकसाळी ओळखण्यास शिकविले. नाण्यावर सालाखाली लहानसा चौकटीच्या आकाराचा हिरा असला तर ते मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, नुसता ठिपका असला तर नोएडाचे आणि काहीच खूण नसली तर कोलकात्याचे. अर्ध्या तासात तिने चार ढीग केले. गल्ल्यात नाण्यांची वाण पडली की अन्यत्र हातावर गोळी ठेवण्याची चाल आहे. वहिनी गोळी देत नाहीत. “त्याने गोळी मागितली होती का?” एवढेच त्या विचारतात. सुटे नसले तर त्या शेजारच्या घोंगडीवाल्याकडून आणवीत. पण गिऱ्हाइकाचा रुपया रुपया म्हणूनच परत जाई. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आता रुपया हेच सर्वांत लहान नाणे उरल्यासारखे आहे, मग त्याचा तरी मान राखावयास नको का?

दुकानात मोबाईलवरून पैसे भरण्याची चौकटीही आहे, हे सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांस हा सारा प्रकार जुनाट वाटेल. तरुण मंडळी फोन पुढे धरतात, आणि फळीखालची डबी इतके रुपये आले असे मोठ्याने ओरडते. परत देण्याचा प्रश्नच नाही. सोय उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु ती डबी दुकानदाराच्या बाजूची साक्षीदार आहे. त्याचे आले की नाही, एवढेच ती सांगते. गाठीची नोट देणाऱ्याच्या बाजूने बोलणारे त्या दुकानात वहिनींचे तोंड तेवढे होते.

आणि दशमीच्या संध्याकाळी त्या जागी मी बसलो होतो.

वाखरीहून पालख्या गावात येतात तो हा दिवस. जुलैची १६ तारीख होती. दुपारपासून रस्ता असा भरला की माणसे चालत होती की वाहत होती, हे सांगता येऊ नये. वहिनी माल देत होत्या, नात पिशव्या उघडून धरीत होती, आणि मी तीन दिवस नाखुशीने वहिनींची रीत पाळल्यावर आता या गर्दीत ती गुंडाळून ठेवली होती. एवढ्या रांगेत प्रत्येकाला पाढे कोठे म्हणून दाखवावे? मी नोट घेई, पेटीत टाकी, मनात वजाबाकी करी आणि पैसे देई. रांग भराभर सरकत होती. बँकेतील माझे जुने दिवस परत आल्यासारखे वाटून मी मनातून खूष होतो. बँकेच्या सवयीने एक गोष्ट मात्र मी आरंभापासून केली होती. प्रत्येक विक्रीचा आकडा मी वहीत टिपून ठेवीत होतो.

रात्री अकरा वाजता वही व गल्ला यांचा ताळा घातला. गल्ल्यात शंभर रुपये अधिक होते.

पैसे कमी भरले तर रोखपालाला झोप लागत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. अधिक भरले तर लागते, असा माझा अनुभव होता. बँकेत अशी रक्कम निराळ्या खाती पडे आणि विषय मिटे. पण वहिनी वहीवर बोट फिरवू लागल्या आणि एका आकड्याशी थांबल्या: एकशे पंच्याऐंशी. “माळ साठाची, चुरमुरे-बत्तासे चाळीस, लाडू चाळीस, कुंकू पंचवीस, बुक्का वीस. ही ती हिरव्या लुगड्याची बाई. तुळशीवृंदावन पायरीवर ठेवून उभी होती. पाचशेची नोट होती तिची. तिला काय परत दिलेत?”

आणि मला तो क्षण आठवला. मी दोन शंभराच्या, एक दहाची अशा नोटा आणि पाचाचे नाणे तिच्यापुढे ठेवले होते. ती घेऊन ती लगेच हलली नव्हती. तिने पैशांकडे पाहिले होते, माझ्या चष्म्याकडे पाहिले होते, तोंड किंचित उघडलेही होते. मागून कोणीतरी “चला माउली” म्हणाले, मीही पुढच्यासाठी हात पसरला, आणि ती वृंदावन डोक्यावर घेऊन गेली. पाचशेतून एकशे पंच्याऐंशी गेले तर तीनशे पंधरा राहतात. मी दोनशे पंधरा दिले होते. शंभराचा एक हातचा त्या गर्दीत निसटला होता. एकशे पंच्याऐंशी, एकशे नव्वद, दोनशे, तीनशे, चारशे असे तोंडाने चढत गेलो असतो, तर चारशेवर येऊन थांबताना माझी जीभच अडखळली असती, आणि माझी नसती अडखळली तर तिची अडखळली असती.

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी शंभराची एक नोट काढून कोऱ्या पाकिटात घातली, वहीत काहीतरी लिहिले आणि दिवा मालवला.

एकादशीस पहाटे राज्याच्या वतीने महापूजा होत होती, तेव्हा मी वाळवंटात हिरवे लुगडे शोधीत हिंडत होतो. हिरवे लुगडे आणि तुळशीवृंदावन एवढ्या खुणेवर आषाढी एकादशीस एक बाई शोधणे म्हणजे काय, हे ज्याने ते वाळवंट पाहिले आहे त्यालाच कळेल. दर दहा पावलांवर एक वृंदावन होते. दोन ठिकाणी मी पुढे होऊन विचारलेही. एकीने मला खुळा समजून हातावर साखर ठेवली. दुपारी नदी ओलांडून मी पैलतीरी ६५ एकरांच्या मैदानात गेलो. तेथे दिंड्यांचे तंबू व राहुट्या ओळीने लागलेल्या होत्या. चुलींवर भगरीची आधणे चढली होती, कोठे भजन चालले होते, कोठे पाय चेपले जात होते. एका दिंडीतील विणेकऱ्याने माझे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “शंभरच ना?” त्याच्या मनात माझे सांत्वन करावयाचे असावे. पण मला गाडीतील ते ढीग आठवले. माझे शंभर कोणत्या ढिगातून गेले होते? प्रसादाच्या, देवाच्या, की परतीच्या?

द्वादशी गेली. पारणी फिटली, आणि गाव हळूहळू रिकामे होऊ लागले. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडाने मोजून देऊ लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली: रांग त्यामुळे फारशी लांबत नाही. हिशेब ऐकून घेतलेला माणूस लगेच बाजूला होतो. गोंधळलेला माणूस मात्र पैसे हातात धरून तेथेच उभा राहतो. पाकीट पितळी वजनाखाली होते. येणारा-जाणारा प्रत्येक हिरवा पदर पाहून मी अर्धा उठत होतो.

पौर्णिमेस, २१ जुलैला, गोपाळपूरचा काला झाला आणि परत फिरणाऱ्या मंडळींची शेवटची लाट रस्त्यावर आली. पाच-सहा बायका दुकानाशी थांबल्या. त्यांतील एकीने सोबतिणीसाठी कुंकू मागितले. लुगडे हिरवे नव्हते, जांभळे होते. पण डोक्यावरचे वृंदावन तिने उतरून पायरीवर ठेवले, ते ठेवण्याच्या रीतीवरून वहिनींनी तिला ओळखले. “भाऊजी, याच त्या.”

मी उभा राहिलो आणि काय बोलावे ते सुचेना. शेवटी विचारले, “माउली, दशमीला तुम्ही येथून माळ नेलीत. तेव्हा पैसे कमी आले का?”

ती घोटाळली. मग खाली पाहून म्हणाली, “नऊ ईसा आन पाच झाले व्हते. माजी नोट पंचवीस ईसाची. पंधरा ईसा आन पंधरा यायचे, तर धा ईसा आन पंधराच आले.”

मी स्तब्ध झालो. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने विसांच्या हिशेबाने भर गर्दीत जे उत्तर काढले होते, ते बरोबर होते. माझे चुकले होते.

“मग त्याच वेळी बोलला का नाहीत?”

“म्हनलं, आपलंच चुकत असंल. तुमी शिकल्याली मानसं. तुमचं कसं चुकंल?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर मला त्याला उत्तर देता आले असते. परतीच्या एस. टी.साठी बांधलेल्या गाठीतले पैसे पुरेनात, म्हणून तिने सोबतिणीकडून शंभर रुपये उसने घेतले होते आणि गावी गेल्यावर खुरपणीच्या मजुरीतून ते फेडावयाचे ठरविले होते. तेही तिने सहज, तक्रारीवाचून सांगितले. ३४ वर्षे मी ज्या काचेमागे बसलो, तिच्या पलीकडे किती माणसे अशी पैशांकडे आणि माझ्या चष्म्याकडे पाहून मुकाट्याने निघून गेली असतील, हा विचार त्या क्षणी मनात आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझे हिशेब बहुधा बरोबरच असतील. पण ते बरोबर आहेत की नाहीत, हे विचारण्याची वाट मी कोणाला ठेवली होती?

मी पाकीट फोडले. नोट तिच्यापुढे धरली. पण तिने हात पुढे केला नाही. तिची नजर वहिनींकडे होती. वहिनी म्हणाल्या, “मोजून द्या, भाऊजी.”

तेव्हा मी तिच्या तळहातावर नोट ठेवीत मोठ्याने म्हणालो, “तुमचे झाले एकशे पंच्याऐंशी, माउली. त्या दिवशी आले दोनशे पंधरा, म्हणजे झाले चारशे. आणि हे शंभर, पाचशे. आले का सगळे?”

तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरविला. “पंचवीस ईसा,” ती म्हणाली. “आले, माउली.” मग तीच नोट तिने तेथल्या तेथे मागे उभ्या असलेल्या सोबतिणीच्या हातावर ठेवली, आणि सोबतिणीनेही ती मोजून घेतली, एकच नोट होती, तरी मोजून घेतली. कुंकवाचे पंचवीस रुपये चुकते करून सगळ्या बायका स्थानकाच्या दिशेने गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. दादांनी डोळ्यांवरची काळी काच सावरीत निरोप दिला. गाडीला अवकाश होता, म्हणून चार दिवसांचा ताळा शेवटचा एकदा पाहावा, या हेतूने मी वहिनींची रोजकीर्द उघडली. दशमीच्या पानावर माझ्या आकड्यांच्या खाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘जमा: अनामत, खाते माउली, रु. १००.’ पौर्णिमेच्या पानावर दुसरी: ‘नावे: खाते माउली, अनामत परत, रु. १००.’ आणि त्याखाली, बाकी काही उरली नाही हे दाखविण्यासाठी, एक आडवी रेघ.